मराठी साइटचा फाँट: गूगलवरून घ्यावा की चाइल्ड थीममध्ये ठेवावा?

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्याची वर्डप्रेस साइट करताना हा प्रश्न आला. फाँट 'मुक्ता' घ्यायचा हे ठरलं होतं, तो आणायचा कुठून एवढंच बाकी होतं. दोन्ही वाटा चाइल्ड थीममधूनच, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या आपल्या वेगळ्या थीममधूनच जातात. मूळ थीममध्ये हात घातलात तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल.

गूगलची वाट सोपी आहे. चाइल्ड थीमच्या 'फंक्शन्स डॉट पीएचपी'मध्ये फाँटची स्टाइल एन्क्यू केली, म्हणजे पानासोबत लोड करायला सांगितली, की झालं. देवनागरी आणि रोमन अक्षरांच्या फाइली गूगल वेगळ्या ठेवतं, त्यामुळे पानाला लागेल तेवढंच उतरतं. फक्त 'स्टाइल डॉट सीएसएस'च्या माथ्यावर इम्पोर्टची ओळ टाकू नका. एक फाइल वाचून झाल्याशिवाय ब्राउझरला दुसरीचा पत्ता लागत नाही आणि पान रखडतं. 'हा फाँट वाचकाच्या कॅशमध्ये (ब्राउझरने जपलेल्या फाइलींत) आधीच असतो' हा जुना युक्तिवादही आता टिकत नाही. क्रोमने 2020पासून प्रत्येक साइटची कॅश वेगळी केली आहे. शिवाय वाचकाचा आयपी पत्ता गूगलकडे जातो. याच कारणावरून 2022मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका साइटचालकाला 100 युरो भरपाई द्यायला लावली. मुलं जर्मनीत असलेली घरं पुण्यात कमी नाहीत, तुमचे वाचक तिथेही असतील.

फाँट स्वतःकडे ठेवायला तासभर जातो. चाइल्ड थीममध्ये वॉफ-टू (वेबसाठी आवळलेल्या फाँटच्या) फाइली ठेवायच्या, फाँट-फेस (फाँटचं नाव आणि फाइल सांगणारा सीएसएस नियम) लिहायचा, फाँट-डिस्प्ले 'स्वॅप' करायचा, म्हणजे फाँट येईपर्यंत मजकूर दुसऱ्या फाँटात दिसतो. पीएचपीतून पत्ता देताना 'गेट स्टाइलशीट डिरेक्टरी यूआरआय' वापरा. 'टेम्प्लेट'वालं फंक्शन मूळ थीमचा पत्ता देतं आणि फाइल सापडत नाही. मुक्ताचा परवाना खुला आहे. विकतचा फाँट असेल तर वेबचा परवाना आधी तपासा.

खरी काळजी मराठीची घ्यायची. देवनागरीच्या मुख्य युनिकोड विभागात संकेत 128च, पण जोडाक्षरांचे आकार शेकड्यांनी. फाइल हलकी करायला मी नको असलेले आकार काढून ती छाटली, तेव्हा जोडाक्षरं जुळवणारे नियमही गळाले आणि 'ज्ञानेश्वरी' पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांत दिसू लागली. ग्रंथप्रेमी माणसाला ते दाखवताना मला फार वाईट वाटलं. छाटल्यावर 'ज्ञानेश्वरी', 'दऱ्याखोरी', 'क्षत्रिय' हे शब्द मोबाइलवर डोळ्यांनी पाहाच. साइटची भाषाही मराठी निवडा. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात.

फाँट अजून ठरायचा असेल तोवर गूगलवरून आणून पाहा. ठरला की चाइल्ड थीममध्ये आणा. 400 (साधं) आणि 700 (ठळक) ही दोनच वजनं ठेवा आणि प्रीलोड (फाइल आधीच मागवण्याची सूचना) फक्त 400ला लावा.