मंडळाचा अहवाल कुठे लिहायचा: इथरपॅड, क्रिप्टपॅड की गुगल डॉक्स?

गेल्या वर्षी आमच्या परळच्या मंडळाच्या अहवालात वर्गणीची बेरीज चुकलेलीच छापून आली. खजिनदारकाकांनी ती दुरुस्त केली होती, पण स्वतःच्या फोनमधल्या फाइलीत. छापखान्यात गेली ती चिटणीसांच्या ईमेलमधली. तेव्हाच ठरलं, फाइल एकच ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं. त्यासाठी तीन साधनं वापरून पाहिली. तुमच्या संस्थेतही असाच घोळ चालत असेल तर आमचा अनुभव कामी येईल.

बैठकीचं इतिवृत्त घ्यायचं असेल तर डोळे झाकून इथरपॅड घ्या. खातं नको, अ‍ॅप नको. ग्रुपवर लिंक टाकली की ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि चौघं एकदम लिहायला लागतात. प्रत्येकाच्या मजकुराचा रंग वेगळा. पट्टी मागे सरकवली की पान कसकसं भरत गेलं तेही दिसतं. हे साधन २००८ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी गुगलने विकत घेतलं आणि त्याचा कोड खुला झाला. म्हणूनच आज वेगवेगळ्या संस्था ते आपापल्या सर्व्हरवर चालवतात. काही ठिकाणी बरेच दिवस कोणी हात लावला नाही तर पान पुसलं जातं, हे आधी पाहून घ्या. शिवाय लिंक ज्याच्या हाती, तो हवं ते खोडू शकतो. जमाखर्चाचा तक्ता मांडायची सोयही मुळात नाही, त्यामुळे अहवालासाठी ते बाद.

क्रिप्टपॅड फ्रान्समधलं. त्यातला मजकूर कुलूपबंद होऊनच सर्व्हरवर जातो, चालवणाऱ्यांनाही तो वाचता येत नाही. रक्तदान शिबिराची यादी, म्हणजे नावं, फोन नंबर, रक्तगट, आम्ही तिथेच ठेवतो. मात्र पासवर्ड विसरलात तर कोणीच परत मिळवून देणार नाही, आणि खातं न उघडता केलेलं पान ९० दिवस पडून राहिलं की जातं. जुन्या फोनवर ते उघडायलाही वेळ लागतो, त्यामुळे रोजच्या कामाला कार्यकर्ते कंटाळतात.

राहिलं गुगल डॉक्स. अहवालासाठी आम्ही शेवटी तेच घेतलं, आणि त्याचं मुख्य कारण खजिनदारकाका. त्यांना टायपिंग जमत नाही. फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून ते मराठीत बोलतात आणि मजकूर उमटतो. दुसरं कारण 'सुचवणी'ची सोय. कोणी वाक्य बदललं तरी मूळ वाक्य जागेवर राहतं, चिटणीस मान्य करतील तेव्हाच बदल पक्का होतो. ज्यांना फक्त सुचवायचंय त्यांना संपादनाचा हक्क देऊच नका, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. बहुतेक पोरं लोकलमध्ये लिहितात, तिथे रेंज येते-जाते. अ‍ॅपमध्ये फाइल ऑफलाइन ठेवली की स्टेशनांच्या मधलं लिहिलेलंही वाया जात नाही. फोनवरून लिहायचं तर अ‍ॅप लागतंच, पण बहुतेकांकडे ते असतं.

खरी मेख आहे फाइल कोणाच्या नावावर, यात. आमची पहिली फाइल एका उत्साही पोराच्या खात्यात होती. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, जुनं खातं बंद केलं आणि फाइलही त्याच्याबरोबर गेली. चूक आमचीच. आता मंडळाचं स्वतंत्र खातं आहे, पासवर्ड चिटणीस आणि खजिनदार अशा दोघांकडे. फुकटची जागा १५ जीबी मिळते आणि ती ईमेल-फोटोंसकट मोजली जाते, म्हणून विसर्जनाचे व्हिडिओ त्यात टाकायचे नाहीत असा सक्त नियम आहे. आणखी एक, २ वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं. उत्सवापुरतं खातं उघडणाऱ्या मंडळांनी वर्षातून एकदा तरी त्यात डोकावावं.

एक अडचण मात्र तिन्ही साधनांत सारखीच. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, असतो आणि आमचा छापखाना अजून जुन्या फॉन्टात पानं लावतो. मजकूर तिकडे बदलून घेताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे ऑनलाइन कितीही तपासलं तरी शेवटचं प्रूफ कागदावरच वाचावं लागतं. यंदा ते वाचायला खजिनदारकाका स्वतः जाणार आहेत, कॅल्क्युलेटर घेऊन.