काळ आणि जागतिक व्यापार : दहा व्याख्यानांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

जागतिक व्यापाराचा इतिहास बहुधा सागरी मार्ग, माल आणि सत्ता यांच्या आधारे सांगितला जातो. दहा व्याख्यानांचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र तोच इतिहास वेळेच्या अंगाने मांडतो. माल कोठून कोठे गेला याइतकेच तो किती दिवस वाटेत होता, तितके दिवस पैसा कोणाचा अडकून पडला आणि थांबण्याची ऐपत कोणाकडे होती, हे प्रश्न येथे महत्त्वाचे ठरतात. मी तो पाच आठवड्यांत पूर्ण केला आणि पहिली तीन व्याख्याने पुन्हा एकदा ऐकली. त्याच्या पूर्वार्धाइतके समाधान या विषयावरील फार थोड्या अभ्यासक्रमांनी मला दिले आहे. उत्तरार्धाविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे.

सुरुवात हिंदी महासागरापासून होते, हे मला विशेष योग्य वाटले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या बळावर अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागत. पण ईशान्येचे वारे सुरू होईपर्यंत त्यांना परतता येत नसे. हा सक्तीचा मुक्काम व्याख्याते वाया गेलेला काळ मानत नाहीत. व्यापारी महिनोन्‌महिने परक्या बंदरात राहिले म्हणूनच तेथे वखारी उभ्या राहिल्या, उधारीचे व्यवहार रुळले, विवाहसंबंध जुळले आणि दूरदेशीच्या लोकांच्या कायमच्या वस्त्या झाल्या. मलाया द्वीपकल्पावरील पंधराव्या शतकातील मलाक्का बंदर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हिंदी महासागर आणि चिनी समुद्र यांतील मोसमी वाऱ्यांच्या चक्रांचा सांधा तेथे जुळत असल्यामुळे गुजराती आणि चिनी व्यापारी एकाच शहरात वाऱ्याची वाट पाहत. ऋतूंनी आखून दिलेल्या या वेळापत्रकातून एका बहुभाषी बाजारपेठेची घडण कशी झाली, हे सांगणारा अर्धा तास मला संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

तिसरे व्याख्यान फ्रान्समधील शँपेन प्रांतात भरणाऱ्या व्यापारी मेळ्यांवर आहे. बाराव्या आणि तेराव्या शतकांत चार गावांत मिळून वर्षभरात सहा मेळे भरत आणि एका मेळ्यातील देणे पुढच्या मेळ्यात चुकते करण्याचा वायदा होत असे, म्हणजे मेळा हाच कर्जाच्या मुदतीचे मोजमाप होता. तेथून व्याख्याते विनिमयपत्रांकडे वळतात, म्हणजे एका शहरात घेतलेले पैसे ठरलेल्या मुदतीनंतर दुसऱ्या शहरात तेथील चलनात चुकवण्याच्या लेखी आदेशांकडे. लंडन आणि इटलीतील शहरे यांच्यामधील अशा पत्राची रूढ मुदत सुमारे तीन महिन्यांची असे. चर्चने व्याज निषिद्ध ठरवले असल्यामुळे सावकाराचा नफा चलनांच्या अदलाबदलीच्या दरात बसवला जाई. उघडपणे विकले जात असे ते परक्या शहरातील चलन, प्रत्यक्षात विकले जात असत ते मधले दिवस. दाखवताच पैसे मिळणारी दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या मुदतीनंतर पैसे मिळणारी मुदती हुंडी यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला हा मुद्दा चटकन उमगेल.

रेखांशाच्या प्रश्नावर, म्हणजे भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम दिशेने नेमके कोठे आहे हे ठरवण्याच्या प्रश्नावर, दोन व्याख्याने खर्ची घातली आहेत आणि ती सार्थकी लागली आहेत. त्यासाठी मूळ ठिकाणची वेळ दाखवणारे घड्याळ जहाजावर ठेवून तिची स्थानिक वेळेशी तुलना करावी लागे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते; म्हणून जहाजावरील घड्याळ एका मिनिटाने चुकले, तर विषुववृत्तावर स्थाननिश्चितीत सुमारे २८ किलोमीटरची चूक होते, हे गणित व्याख्याते पृथ्वीचा गोल हातात घेऊन समजावतात. १७०७ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची जहाजे फुटली, १७१४ साली संसदेने अर्ध्या अंशाच्या अचूकतेसाठी २०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले आणि १७६१ साली निघालेल्या जमैकाच्या सफरीत इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांच्या घड्याळात ८१ दिवसांत अवघ्या पाचएक सेकंदांचा फरक पडला. ही हकिगत अनेकदा सांगितली गेली आहे. येथे तिला जोड मिळते ती एका महत्त्वाच्या जाणिवेची : अशी घड्याळे आरंभी इतकी महाग होती की सामान्य व्यापारी जहाजांवर ती पोहोचायला अनेक दशके लागली.

तारयंत्रावरील व्याख्यान नेटके आहे. १८६६ साली अटलांटिक समुद्राखालील तार कायमस्वरूपी सुरू होण्यापूर्वी लिव्हरपूलच्या कापसाचा भाव न्यूयॉर्कला कळायला आगबोटीचे सुमारे दहा दिवस जात. त्यानंतर ती बातमी त्याच दिवशी पोहोचू लागली. बातमी मालाच्या पुढे धावू लागल्यामुळे अजून समुद्रात असलेल्या मालाचे सौदेही वाढले. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेला मात्र पाचच मिनिटे मिळाली आहेत. लंडनजवळच्या ग्रिनिचला मूळ रेखावृत्त, म्हणजे शून्य रेखांश, मानण्याच्या बाजूने २२ देशांनी मत दिले. जगातील बहुतांश जहाजवाहतूक तोवर ग्रिनिचवर आधारलेले नकाशे वापरत होती, हे त्यामागचे मोठे कारण होते. व्यापाराच्या सवयीतून जगाचे घड्याळ कसे ठरले, याचा इतका थेट पुरावा व्याख्यात्यांनी घाईत ओलांडायला नको होता.

माझी मुख्य तक्रार कंटेनरवरील व्याख्यानाबद्दल आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हा बचत झाली ती धक्क्यावर; समुद्रातील प्रवास काही फारसा वेगवान झाला नाही. सुटा माल हातांनी चढवण्याचा खर्च टनामागे ५.८६ डॉलर धरला जाई, तो १६ सेंटांच्या आसपास आला, आणि पूर्वी आपल्या आयुष्याचा मोठा हिस्सा बंदरात उभी राहून घालवणारी जहाजे काही तासांत रिकामी होऊ लागली. व्याख्याते हे आकडे उत्साहाने सांगतात. पण ज्या गोदी कामगारांचे दिवस त्या हिशेबातून वजा झाले, त्यांच्या वाट्याला एकच वाक्य येते. मोसमी वाऱ्यांची वाट पाहणारी माणसे इतक्या आस्थेने दाखवणाऱ्या अभ्यासक्रमाकडून मला हे अपेक्षित नव्हते.

सेवा म्हणून पाहता ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, नकाशे वाचनीय आहेत आणि प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत मिळते. मात्र लिखित प्रतीत सनावळ्यांच्या चुका आहेत. दोन ठिकाणी शतकच बदलले आहे. त्या कळवूनही मला उत्तर आले नाही. सरावाचे प्रश्न निव्वळ पाठांतर तपासतात, त्यामुळे ते वगळले तरी चालतील.

शेवटचे व्याख्यान सुएझ कालव्यात मार्च २०२१ मध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ जहाजावर आहे. नेमक्या वेळेत माल पोहोचेल या भरवशावर कोठारे जवळजवळ रिकामी ठेवणाऱ्या उद्योगांना त्या सहा दिवसांनी कसे हादरवले, याचे विवेचन चांगले आहे. परंतु जहाज सुटल्यावर कथन तेथेच थांबते. प्रत्यक्षात भरपाईच्या वादामुळे ते जहाज ७ जुलैपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे शंभर दिवस, इजिप्तमध्येच रोखून धरले गेले होते. त्यावर भारतीय खलाशी होते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना तो काळ जहाजावरच काढावा लागला. नव्या आवृत्तीत एखादे व्याख्यान वाढवायचे ठरले, तर ते या शंभर दिवसांवर असावे, असे मी आयोजकांना कळवले आहे.