आठ महिने, साडेसहा किलो: वजन वाढवताना कुठलं प्रोटीन टिकलं, कुठलं सुटलं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काट्यावर उभी राहिले तेव्हा आकडा होता ४१.२. माझी उंची पाच फूट तीन इंच. ऑक्टोबरातल्या टायफॉइडने सहा किलो नेले ते परत यायचं नावच घेईनात. आज ऑगस्ट संपताना मी ४७.८ वर आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) १६ वरून साडेअठराच्या थोडा पुढे. या आठ महिन्यांत काय काय खाऊन पाहिलं आणि त्यातलं काय खरंच रोजच्या रोज चाललं, ते लिहिते आहे. विक्रोळी ते सीएसएमटी अशी नोकरी आहे, घरी आई, दादा, वहिनी. स्वयंपाकाला वेगळा वेळ नाही, वेगळा खर्चही फार झेपणारा नाही.

खाण्याकडे वळण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगते. वजन का उतरलं ते आधी तपासून घ्या. थायरॉइड, साखर आणि टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी अंगात कसकस आणि वजन उतरणं असं एकत्र असेल तर तूप-लोणी नंतर, आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. माझं सगळं नीट निघालं, तेव्हाच डॉक्टरांनी खायला मोकळीक दिली.

पहिले सहा आठवडे माझे चुकीच्या खाण्यात गेले. प्रोटीन म्हणजे मोडाची मटकी, अंड्याचा पांढरा भाग आणि सोयाबीनच्या वड्या, एवढंच डोक्यात होतं. सकाळी मोठा वाडगा भरून मोड, दुपारच्या डब्यात सोयावडीची भाजी. पोट टम्म भरायचं, रात्री जेवण जायचं नाही, गॅसने जीव नकोसा व्हायचा. सहा आठवड्यांत वजन वाढलं फक्त ४०० ग्रॅम. हे सगळे पदार्थ वाईट नाहीत, पण ते वजन उतरवणाऱ्याच्या कामाचे आहेत. कमी भूक लागणाऱ्या बारीक माणसाच्या पोटात जागाच थोडी, ती चोथ्याने आणि पाण्याने भरून गेली की कॅलरी जाणार कुठून? अंड्याचंच बघा. अख्ख्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि सत्तरएक कॅलरी. नुसत्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम आणि जेमतेम सतरा कॅलरी. मी बलक काढून टाकत होते, म्हणजे मला हवं तेच टाकत होते.

तिथून मी एकच कसोटी ठेवली: प्रोटीनसोबत स्निग्धपणा असला पाहिजे आणि मूठभर खाऊन काम झालं पाहिजे.

या कसोटीला सगळ्यात पक्के उतरले ते शेंगदाणे. शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम प्रोटीन आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि तेही वाण्याकडे. पण भाजलेले दाणे मला दोन दिवसांत नको झाले, घसा कोरडा पडायचा आणि पित्त उसळायचं. आईने मग रात्री मूठभर दाणे भिजत घालायला सुरुवात केली. सकाळी वरणाच्या कुकरमध्येच वेगळ्या भांड्यात मीठ घालून ठेवते. चार शिट्ट्यांनी दाणा असा होतो की दोन बोटांत धरला तर दबतो, पण फुटत नाही, आणि साल गुलाबीची जांभळट होते. वर लिंबू पिळायचं, कांदा नाही घातला तरी चालतो. हा डबा माझा संध्याकाळचा. सकाळच्या लोकलमध्ये हात वर करायला जागा नसते, पण परतताना सीएसएमटीला गाडी सुटते तिथेच बसायला मिळतं. मशीद गेलं की डबा उघडायचा आणि दादरच्या आत संपवायचा, कारण दादरला बायकांचा डबा भरतो तो मग घाटकोपरपर्यंत हलू देत नाही. पन्नास ग्रॅम कोरडे दाणे म्हणजे बारा ग्रॅम प्रोटीन, पावणेतीनशे कॅलरी. तेव्हापासून हा डबा मोजून पाच-सहा वेळाच चुकला असेल.

पावसाळ्यात मात्र दाण्यांवर बारीक लक्ष ठेवा. मुंबईच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. काळपट, सुरकुतलेला, खवट वास येणारा दाणा निवडून फेकायचा. जूनपासून आम्ही किलोऐवजी पाव किलोच आणतो.

दुसरं म्हशीचं दूध. एका पेल्यात सात-आठ ग्रॅम प्रोटीन आणि जवळपास दोनशे कॅलरी. रात्री जेवल्यावर तासाभराने एक पेला, आणि सकाळी एका पेल्यात केळं, दोन चमचे दाण्याचं कूट, थोडा गूळ, मिक्सरला एक फिरकी. मला सकाळी आठच्या आधी घास गिळवत नाही, पण हे पिऊन निघता येतं. जेवणाआधी दूध कधीच घेऊ नका, भूक मरते. ऑफिसमधले चहाचे दोन कप मी याच कारणाने सोडले आणि दुपारचा डबा पहिल्यांदा पूर्ण संपायला लागला.

अंडी रोज तीन, अख्खी. रविवारी आणि बुधवारी सहा-सहा उकडून फ्रिजमध्ये ठेवते, सालासकट. कच्चं अंडं दुधात फेटून प्यायचा सल्ला मला तिघांनी दिला. तो मानू नका. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन शरीराला जवळजवळ निम्मंच लागू पडतं, वर पोट बिघडायची भीती. उशीर झाला की स्टेशनबाहेरच्या गाडीवर डबल अंड्याची भुर्जी आणि दोन पाव खाते, त्यात सतरा-अठरा ग्रॅम प्रोटीन निघतं. गाडीवरच्या खाण्याला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशोब जरूर करावा. समोर तव्यावर गरम केलेलं, पोटभर आणि खिशाला परवडणारं दुसरं काय आहे?

पनीरने मला दोनदा फसवलं. जवळच्या एका डेअरीतून आणलेलं तव्यावर टाकलं तर रबरासारखं ताणलं गेलं, दुधाचा वासच नाही. तेव्हापासून घरीच करतो. लिटरभर म्हशीच्या दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर निघतं, लिंबू पिळून. उरलेल्या पाण्यात वहिनी कणीक भिजवते, पोळ्या मऊ होतात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅम प्रोटीन. मिरपूड घालून नुसतं खाल्लं तरी छान लागतं.

मासे हा आमच्या घरचा जीव. पण स्वस्त, चरबीचा आणि प्रोटीनचा मासा म्हणजे बांगडा, सुरमईच्या मागे लागायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ताजा मासा महाग आणि बर्फातला. त्या दोन महिन्यांत मरोळच्या बाजारातला सुका जवळा आणला. तव्यावर कोरडा भाजून, दोन पाण्यांत धुऊन, कांदा-टोमॅटोत परतला की भाताबरोबर दोन घास जास्त जातात. मीठ फार असतं, म्हणून आठवड्यातून दोनदाच.

श्रावणात आमच्याकडे अंडं-मासे बंद. वजन दहा दिवस जागचं हललं नाही. मग दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का करायला लागलो, त्यात थोडी साखर आणि वेलची. जोडीला वालाचं बिरडं, सोलायला वेळ लागतो पण ओलं खोबरं घातल्यावर त्याच्यासारखं पोटाला लागणारं कडधान्य नाही. दोन आठवड्यांत काटा परत सरकला.

डब्यातल्या पावडरीबद्दल खूप जणी विचारतात. मी मार्चमध्ये वजन वाढवायची एक पावडर १,९०० रुपयांना घेतली. घरी येऊन लेबल वाचलं: शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन पंधरा ग्रॅम, बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेसारखी झटकन रक्तात उतरणारी भुकटी. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीस ग्रॅम प्रोटीन असतं आणि ते मुठीने खाता येतात. साधी व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली, वेगळी; तिच्या डब्यातल्या मोठ्या मापाच्या एका चमच्यात चोवीसएक ग्रॅम प्रोटीन येतं, पण कॅलरी कमी. मला ती लागली नाही. घेणार असाल तर दुकानातच डबा उलटा करून लेबल वाचा.

माझा दिवसाचा हिशोब साठ ते सत्तर ग्रॅम प्रोटीनचा. आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीत निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज पुरतं, वजन आणि स्नायू वाढवायचे तर सव्वा ते दीड ग्रॅम धरतात. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. आणि आधीच्या खाण्यावर रोज तीन-चारशे कॅलरी जास्त. आठवड्याला २०० ग्रॅम वाढलं तरी मी खूश असते, त्याहून घाई केली तेव्हा फक्त पोट सुटलं. म्हणून एप्रिलपासून आठवड्यातून तीन दिवस उठाबशा आणि दोन-दोन किलोचे डंबेल्स. ब्लाउजच्या बाह्या आता दंडाला बसतात, पूर्वी लोंबायच्या.

सध्या घरात गणपती आहेत, त्यामुळे अंडी-मासे अजून नाहीत. मोदकांचं खोबरं आहेच, चक्का चालू आहे, दाण्यांचा डबा चालू आहे. विसर्जन झालं की पहिल्या रविवारी बांगडे आणायचे असं दादाने आधीच सांगून ठेवलंय. डिसेंबरपर्यंत मला पन्नास गाठायचे आहेत.