शिट्टी त्याच्याच वायरिंगची, बिल मात्र माझ्या नावावर

गाडीत नवा स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवून घेतला, आणि इंजिन सुरू केल्याबरोबर स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. गाणं बंद असलं तरी शिट्टी चालूच. फिटिंग करणाऱ्याने कान लावल्यासारखं केलं आणि निकाल देऊन टाकला, "तुमचा अल्टरनेटर खराब आहे साहेब. नॉइज फिल्टर टाकावा लागेल." अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र.

फिल्टर टाकला. शिट्टी थोडी दबली, पण बासही गेला. मग म्हणाला, करंट कमी पडतोय, कपॅसिटर लावू. तो लावला, शिट्टी जशीच्या तशी. पुढची नजर अ‍ॅम्प्लिफायरवर: "हे मॉडेलच असं आहे, वरचं घ्या." दर खेपेला नवी वस्तू निघत होती, पण मल्टिमीटर काही एकदाही बाहेर निघाला नाही. तिथेच मला शंका आली.

गाडी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने आधी बॅटरीवर मीटर धरला. इंजिन चालू, १४.१ व्होल्ट. अल्टरनेटर बिघडला की बॅटरीवर एसी व्होल्टेज दिसतं, म्हणून मीटर एसीवर फिरवून पाहिला तर आकडा नगण्य. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग अ‍ॅम्प्लिफायरमधून आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणारी केबल उपटली, शिट्टी गप्प. चार्जरला न लावलेला फोन थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, गाणं स्वच्छ. ज्याला बदला म्हणून सांगितलं होतं, तो अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष निघाला.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थवर (करंट परत गाडीच्या पत्र्यात नेणाऱ्या वायरवर), आणि गाणं मोठ्याने. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक! सीटखालचा बोल्ट खोलला तर अर्थची वायर चक्क रंगावर आवळलेली. धातूला नीट टेकलीच नव्हती. अशा वेळी परतीच्या करंटचा काही भाग आरसीए केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून स्टिरिओकडे वाट काढतो आणि अल्टरनेटरची कुरकुर स्पीकरपर्यंत पोहोचते. भरीला आरसीए आणि पॉवरची केबल गालिच्याखाली एकाच टेपमध्ये गुंडाळलेल्या.

खरी चीड मला वायरची आली. बिलावर शुद्ध तांबं लिहिलंय. इलेक्ट्रिशियनने एका तारेवर ब्लेड फिरवलं, तर वरची लाली निघून आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम! अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, त्यामुळे त्याच जाडीची वायर तेवढा भार पेलत नाही. वर प्लास्टिकचं आवरण इतकं जाड, की बाहेरून वायर दणदणीत वाटावी. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. तो बॅटरीपासून दीडेक फुटाच्या आत हवाच, नाहीतर वायर कुठे पत्र्याला घासली तर आग लागू शकते. शिट्टीपेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटली.

रंग खरवडून अर्थ पत्र्यावर घेतली, पॉवरची वायर बदलली, फ्यूज बसवला, आरसीए गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, फिल्टर काढून टाकला. शिट्टी गेली, बास परत आला. थोडी 'शूऽऽ' उरली होती. ती इंजिनच्या वेगाबरोबर बदलत नव्हती. कुणी अशा आवाजावर फिल्टर विकू लागलं तर घेऊ नका, ते काम बहुतेक वेळा गेनचं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते ठरवणाऱ्या बटणाचं असतं. आमच्याकडेही 'दणका' दाखवण्यासाठी गेन पूर्ण फिरवून ठेवला होता. कमी केला आणि तीही संपली.

पहिल्या माणसाकडे सगळं सामान घेऊन गेलो. फिल्टर आणि कपॅसिटर त्याने कुरकुरत परत घेतले. वायरबद्दल म्हणाला, "सगळे हीच लावतात, आणि कापलेली वायर परत घेत नाही." मजुरीचा विषय काढला तर फोनवर बोलत आत निघून गेला. बिल आणि खरवडलेला तुकडा दोन्ही एका पाकिटात ठेवलेत. ग्राहक तक्रारीला तेच जोडणार आहे.