जेंटू आठ महिने वापरल्यावर: बिल्ड पडलं की लॉग वरून वाचा

आठ महिन्यांपासून माझ्या रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर जेंटू आहे, म्हणजे बहुतेक पॅकेजेस सोर्स कोडपासून आपल्याच मशीनवर कम्पाइल (बिल्ड) करणारं लिनक्स. पहिल्या दोन आठवड्यांत बिल्ड इतक्यांदा पडलं की इन्स्टॉलेशन अर्धवट सोडायचं जवळजवळ ठरलं होतं. आता पडलं तर बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत कारण हाती लागतं, आणि फरक फक्त लॉग वाचण्याच्या सवयीचा आहे.

इमर्ज (जेंटूची पॅकेज बसवायची कमांड) थांबतो तेव्हा स्क्रीनवर शेवटी जे दिसतं ते कारण नसतं. 'कम्पाइल फेज फेल' एवढंच कळतं. बिल्ड चालवणारा प्रोग्राम, मेक, सोळा जॉब्स (समांतर कामं) एकदम चालवत असतो. त्यातला एक मेला तरी बाकीचे हातातलं काम संपवतात आणि आपापल्या ओळी छापत राहतात. खरी चूक त्यामुळे शंभर-दोनशे ओळी वर गाडली जाते. मी पोर्टेजच्या (जेंटूच्या पॅकेज मॅनेजरच्या) टेम्प फोल्डरमधला बिल्ड लॉग उघडतो, 'एरर' आणि त्यापुढे कोलन असं शोधतो, आणि सगळ्यात आधी जे सापडेल तेच वाचतो. तरीही गुंता सुटला नाही तर तेवढं पॅकेज एकाच जॉबवर पुन्हा चालवायचं. वेळ जातो, पण लॉग सरळ मिळतो.

मला सगळ्यात जास्त छळलं क्यूटी वेबइंजिन या वेब पानं दाखवणाऱ्या अवजड पॅकेजने. तीन तास चालून पडायचं, आणि लॉगमध्ये नेहमीसारखी सी++ ची चूक नव्हतीच. एकच ओळ होती: 'किल्ड', आणि पुढे सी++ कम्पायलरचं, सीसी१प्लसचं नाव. म्हणजे कम्पायलर चुकला नव्हता, मेमरी संपली म्हणून कर्नलने त्याला मारलं होतं. कर्नलच्या नोंदींत (डीमेसेजमध्ये) ते स्वच्छ लिहिलेलं होतं. जेंटूची हँडबुक दर जॉबमागे २ जीबी रॅम धरायला सांगते. माझ्याकडे १६ जीबी, आणि मेककॉन्फमध्ये (पोर्टेजच्या सेटिंग फाइलमध्ये) मी १६ जॉब्स लिहून ठेवले होते. त्यात भर म्हणजे बिल्ड वेगाने व्हावं म्हणून पोर्टेजचा टेम्प फोल्डर टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फाइलसिस्टीमवर) टाकलेला, म्हणजे त्याच रॅममधून आणखी घास. पॅकेज-एन्व्हमध्ये (पॅकेजनिहाय सेटिंगमध्ये) फक्त या पॅकेजला ४ जॉब्स दिले आणि टेम्प फोल्डर डिस्कवर नेला, तेव्हा ते एका दमात झालं. बाकी पॅकेजेसचा वेग तसाच राहिला.

दुसरा प्रकार जास्त फसवा. जीसीसी हा कम्पायलर बिल्ड होताना 'इंटर्नल कम्पायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट' यायचं, आणि दर वेळी वेगळ्याच फाइलवर. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: चूक दर वेळी त्याच ओळीवर येत असेल तर सोर्स किंवा कम्पायलरचे फ्लॅग्ज तपासा, जागा बदलत असेल तर हार्डवेअर. रात्रभर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला, तर दोनपैकी एक रॅम स्टिक खराब निघाली. आधीच्या सिस्टीमवर ती कधी कुरकुरली नव्हती, कारण तासन् तास सगळे कोअर आणि सगळी मेमरी राबवणारं काम तिच्यावर कधी पडलंच नव्हतं.

फ्रीटाइप आणि हार्फबझ या फॉन्टच्या लायब्ररींना बिल्ड होताना एकमेकींची गरज लागून त्या अडून बसतात, तेव्हा फ्रीटाइप आधी हार्फबझचा यूज फ्लॅग (पॅकेजची ऐच्छिक सोय चालू-बंद करायची खूण) बंद करून एकदा बिल्ड करायचं, नंतर चालू करून पुन्हा. पाच मिनिटांचं काम.

जुन्या सी कोडची पॅकेजेस पडतात त्याचं एक कारण जीसीसी १४. मे २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून, आधी डिक्लेअर न केलेलं फंक्शन वापरलं तर नुसती वॉर्निंग न येता एरर येते. फ्लॅग टाकून ती दाबू नका. जेंटूच्या बगझिलावर (चुका नोंदवायच्या साइटवर) पॅकेजचं नाव शोधा. पॅच मिळाला तर पोर्टेजच्या पॅचेस फोल्डरमध्ये, त्या पॅकेजच्या नावाने ठेवा. बहुतेक पॅकेजेसना तो आपोआप लागतो. ही सोय मला फार आवडते.

डिसेंबर २०२३ पासून जेंटू अधिकृत बायनरी (आधीच कम्पाइल केलेली) पॅकेजेसही देतं. मी रस्ट आणि एलएलव्हीएम ही कम्पायलरची मोठी पॅकेजेस तिथूनच घेतो, ज्यांच्या यूज फ्लॅग्जशी मला काही देणंघेणं नाही. तक्रार एकच, आणि ती खरी आहे: पाच-सहा आठवडे अपडेट राहिलं की ब्लॉकर्स (एकत्र बसू न शकणारी पॅकेजेस) साचतात आणि एक अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून दर रविवारी सकाळी जेंटूच्या बातम्या वाचून, 'कीप गोइंग' लावून अपडेट सोडतो. एक पॅकेज पडलं तरी त्याच्यावर न अवलंबलेली बाकीची पुढे जातात, आणि दुपारी फक्त पडलेल्यांचे लॉग उघडायचे उरतात.