ट्विन्स बीजीव्हीएल-३, १६ औंस: मार झेलायला उत्तम, पण सवय लावून घेऊ नका

थायलंडच्या ट्विन्स स्पेशल कंपनीचे हे प्रत्येकी १६ औंस वजनाचे, वेल्क्रोचे लेदर ग्लोव्हज मुळात मुए थायसाठीचे (ठोसे, लाथा, कोपर, गुडघे चालणारी थाई लढत). त्यामुळे पॅडिंग नुसतं मुठीच्या पुढे नाही, हाताच्या पाठीवर, कडेला आणि मनगटावरही भरपूर आहे. किकबॉक्सिंगमध्ये बचाव आणि काउंटरची (अडवून लगेच उलट मारण्याची) ड्रिल करणाऱ्याला नेमकं हेच लागतं.

पहिला फायदा हुक, म्हणजे कोपर वाकवून कडेने मारलेला ठोसा, अडवताना कळतो. हात कानाला फोन लावल्यासारखा, कोपर खाली, ग्लोव्ह डोक्याला टेकलेला. ग्लोव्ह आणि डोकं यांच्यात फट राहिली तर समोरच्याचा हुक आपलाच ग्लोव्ह आपल्या कानशिलावर आपटतो. इथे पाठीवरचं जाड पॅडिंग धक्का बराच शोषतं. डाव्या हुकला उजवा हात लावला की वजन उजव्या पायावर आलेलं असतं. तिथूनच क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, सोडायचा. आधी हात खाली आणून मग मारलं तर काउंटरची वेळ निघून जाते.

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, झेलायचा तो मागच्या हाताच्या तळव्यात, हनुवटीजवळच, आणि लगेच आपला जॅब. हात पुढे नेऊन जॅब पकडायला गेलात की बाजू उघडी पडते आणि पुढचा हुक सरळ आत येतो. रुंद ग्लोव्हमुळे ही चूक झाकली जाते, म्हणून कोचने नजर ठेवावी. क्रॉसला पुढच्या हाताने छोटा पॅरी (ठोसा बाजूला ढकलणं), मनगटाच्या हालचालीएवढाच, आणि उलट क्रॉस.

बरगड्यांवरची राउंड किक (कडेने फिरवून मारलेली लाथ) मात्र ग्लोव्हने अडवायची नाही. दोन्ही हातांच्या कोपराखालच्या भागावर घ्यायची, त्याच बाजूला किंचित वळून. समोरच्याचा पाय जमिनीवर परत टेकायच्या आत क्रॉस, मग लो किक (पायावर खाली मारलेली लाथ). मनगटाला इथे थोडं संरक्षण मिळतं, पण तिथून कोपरापर्यंत हात उघडाच असतो. तेव्हा पार्टनरच्या पायाला शिन गार्ड (नडगीवरचे पॅड) हवेच. एका हाताने किक खाली ढकलायला गेलात तर बोटं दुखावतात, शिवाय तोंड मोकळं पडतं.

फीड करणाऱ्याने, म्हणजे सरावासाठी हल्ला करून देणाऱ्या पार्टनरने, अंतर चोरून ठोसा अलीकडेच थांबवू नये, ही सगळ्यात जास्त दिसणारी गडबड. ठोसा हळू असला तरी चालेल, पण अडवला नाही तर लागलाच पाहिजे. ३ मिनिटांची फेरी, १ मिनिट विश्रांती: पहिल्या फेरीत एकच ठरलेला हल्ला, दुसरीत दोनपैकी कुठलाही एक, तिसरीत मोकळं. जोर तीस-चाळीस टक्क्यांपुढे नको.

आता तोटे. नवे ग्लोव्हज कडक असतात, मूठ पूर्ण मिटायला वेळ लागतो; आधी पंचिंग बॅगवर वापरून मऊ करा. आतली जागा ऐसपैस आहे, लहान हाताला आतून गुंडाळायची साडेचार मीटरची पट्टी बांधूनही सैल वाटेल. लहान हातवाल्यांनी फेअरटेक्स कंपनीचे बीजीव्ही-१ घालून पाहावेत, ते आटोपशीर आणि घट्ट बसतात. वेल्क्रोची कड वर आली की पार्टनरला ओरखडे उठतात, वर टेप मारा.

माझा खरा आक्षेप मापाबद्दल आहे, कंपनीबद्दल नाही. १६ औंसाच्या आड लपून बसलेला गार्ड (तोंडापुढे धरलेले हात) वाको या जागतिक किकबॉक्सिंग संघटनेच्या के-१ लढतीतल्या (ठोसे, लाथा आणि गुडघे चालणारा प्रकार) १० औंसात गळतो. ठोसे दोन ग्लोव्हजच्या मधून आणि कडेने आत येतात. स्पर्धेला उतरणार असाल तर आठवड्यातून काही फेऱ्या १० औंसात, हलक्या जोराने आणि हेडगार्ड लावून, करायलाच हव्यात. तिथे नुसतं झाकून चालत नाही, पाय हलवावे लागतात.

पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत लेदरला बुरशी धरते. सराव संपला की वेल्क्रो पूर्ण उघडून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, चामडं तडकतं. बंद बॅगेत रात्रभर कधीच नाही.