हातबाहुलीचं डोकं: कागदी की कापडी?

आयुष्यभर चित्रं काढलेल्या हाताला पहिल्या बाहुलीसाठी कागदी डोकंच बरं. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्तींना वापरतात तशा शाडूचं नऊ-दहा सेंटीमीटरचं डोकं घडवा, वर व्हॅसलीन चोळा, खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे पाच-सहा थर द्या. वाळल्यावर मधोमध कापून शाडू काढायचा, पुन्हा जोडायचं. बोट घालायची मानेची नळी तर्जनीच्या दुसऱ्या पेरापर्यंत घट्ट हवी. सैल झाली की डोकं लटपटतं. बारीक रंगकामाचा मोह आवरा, लांबून फक्त डोळ्यांच्या खोल खोबणी दिसतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र आतला थर ओला राहून बुरशी धरते. तेव्हा कापूस भरलेलं कापडी डोकं शिवा: हलकं, दिवसात तयार, पण चेहरा सपाटच राहतो, खोल खोबणी येत नाहीत.